रेशनच्या पिशवीत डाळ का नाही?

बारामतीच्या एमआयडीसीत फेरेरो कंपनीचा कारखाना आहे. किंडर जॉय नावाची अंड्याच्या आकाराची चॉकलेटं तिथे तयार होतात. त्याच तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून कोंबडीचं अंडं मात्र सव्वा वर्षात सरकारी खर्चाबाहेर गेलं. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने ठरवलं, की शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं आणि जो खात नाही त्याला केळं. एका अंड्याला पाच रुपये धरले. 28 जानेवारी 2025 च्या निर्णयाने अंडा पुलाव, तांदळाची खीर, नाचणीसत्त्व हे पदार्थ ऐच्छिक झाले. अंड्याला आणि साखरेला वेगळे पैसे मिळणार नाहीत, शाळेने लोकसहभागातून भागवावं, असं सांगण्यात आलं. अख्ख्या राज्याचा हा अंड्यांचा खर्च वर्षाला पन्नास कोटींच्या घरातला.

कारखान्यावर माझा राग नाही. त्याने इथल्या कितीतरी घरांत पगार आणला. पण आठवड्याला एक अंडं ज्या सरकारला जड जातं, ते सरकार गरिबाला सकस आहाराचे धडे द्यायला कधी दमत नाही, याचं मात्र नवल वाटतं.

दर सप्टेंबरात पोषण माह असतो, 2018 पासून. अंगणवाडीत टेबलावर चादर अंथरतात. वाट्यांतून मोड आलेली मटकी, बीट, गाजर, पालकाची जुडी, पेलाभर दूध, दोन-तीन अंडी मांडतात. खाली कडधान्यांची रांगोळी. एखाद्या गरोदर बाईची ओटी भरली जाते, फोटो निघतात, ते ॲपवर चढतात. मग पेला ज्या घरातून आला त्या घरी जातो, आणि रांगोळीतली मसूर चाळून पुन्हा डब्यात. सेविकेला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तिला वरून आदेश आहे, आणि मांडणीचा खर्च बहुतेक वेळा तिच्याच पदराला.

या सगळ्या खटाटोपामागे एक समजूत आहे: गरिबाला काय खावं ते कळत नाही. सुपे, मोरगाव, लोणी भापकर या जिरायत पट्ट्यातल्या कुठल्याही म्हातारीला विचारा, बाळंतिणीला काय द्यावं. डिंक, अळीव, खारीक-खोबरं, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, वर तुपाची धार. ती न अडखळता सांगेल. खारकेचा भाव विचारला की मात्र थांबेल. कळतं सगळ्यांना. परवडत नाही, आणि ते परवडावं अशी आपल्या धान्यवाटपाची घडणच नाही.

आधी रेशनवर मिळतं काय ते पाहू. जुनी माणसं अजून त्याला ‘कंट्रोल’ म्हणतात. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013 चा. महाराष्ट्रात तो फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य, प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो. तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलो होता, तो जानेवारी 2023 पासून फुकट झाला. अंत्योदयवाल्याला वर किलोभर साखर, तीही विकत. महिनाभराची पिशवी इथे संपली. डाळ नाही, तेल नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिवसाला दोन हजार कॅलरींच्या ताटात काय असावं ते त्यात ग्रॅमवार दिलंय: धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा त्यांच्या जागी अंडी-मांस 85, भाज्या 400, फळं 100, दूध 300 मिली, शेंगदाण्यासारखा दाणा 35, तेल-तूप 27. हे ताट घेऊन शेजारच्या इंदापूरच्या आठवडे बाजारात जाऊ. घरात नवरा-बायको, दोन मुलं आणि सासू. मुलं कमी खातात म्हणून हिशोब चारच माणसांचा करू, आणि भावही हात राखून धरू. महिन्याला दहा किलो डाळ, 120 रुपयांनी 1,200. छत्तीस लिटर दूध, 50 रुपयांनी 1,800. अठ्ठेचाळीस किलो भाजी, सरासरी 40 रुपयांनी 1,920. बारा किलो फळं, 60 रुपयांनी 720. सव्वाचार किलो शेंगदाणे, 140 रुपयांनी 600. सव्वातीन किलो तेल, 150 रुपयांनी जवळपास 490. बेरीज 6,700 च्या वर जाते. चहा, साखर, मीठ-मसाला, गॅस यांतलं काहीही यात नाही. धान्यही नाही, कारण ते रेशनवर मिळालं असं धरलं.

आता कार्डाकडे या. ग्रामीण भागात प्राधान्य कुटुंबात बसायचं तर वर्षाचं उत्पन्न 44,000 रुपयांच्या आत हवं, शहरात 59,000. चव्वेचाळीस हजारांना बाराने भागलं की महिन्याला 3,667 रुपये येतात. एक सरकारी संस्था जे ताट सकस म्हणते, त्याचा धान्याखेरीजचा खर्चच या मर्यादेच्या पावणेदोन पटींवर जातो. ते ताट विकत घेऊ शकणारं घर रेशनला अपात्र आणि रेशनला पात्र असलेलं घर त्या ताटाला अपात्र. रेशनमुळे त्या घराचे वाचतात ते वीस-पंचवीस किलो धान्याचे सात-आठशे रुपये. ताटातला सगळ्यात स्वस्त घास सरकारने उचलला आणि बाकीचं ज्याचं त्याच्यावर सोडलं.

ही मर्यादा पाळायची म्हटली तर फार थोडे लोक खरेपणाने पात्र ठरतील. 2025-26 मध्ये राज्यात रोजगार हमीचा दर दिवसाला 312 रुपये होता. नवरा-बायकोने वर्षातले एकाहत्तर एकाहत्तर दिवस काम केलं, की 44 हजार ओलांडले. उरलेल्या वर्षात त्यांनी हातावर हात ठेवून बसावं असं कायद्याला वाटत असावं. म्हणून दाखल्यावर उत्पन्न चाळीस-बेचाळीस हजार लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याला, लिहून घेणाऱ्याला आणि सही करणाऱ्याला तिघांनाही ठाऊक असतं, की आकडा खरा नाही. गरिबाची मदत अशी खोट्याने सुरू करायला लावायची आणि दोन-चार वर्षांनी बोगस लाभार्थी शोधायची मोहीम काढायची. त्यात ज्याच्या दारात चारचाकी आहे त्याचं नाव जावं हे ठीकच. पण ई-केवायसीला ज्याचा थंब लागला नाही त्याचंही जातं. कोयता धरून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याचा थंब पॉस मशीनवर लवकर लागत नाही, हे दुकानदार, पुरवठा निरीक्षक सगळेच जाणून आहेत.

गहू आणि तांदूळच का? इथल्या माणसाचं मूळ खाणं शाळू आणि बाजरी. ज्या मालदांडीला अजून तोड निघाली नाही, ती इथून जवळच मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली. तरी पिशवीत येतो तो गहू आणि तांदूळ, कारण ही व्यवस्था ताटापासून नव्हे, गोदामापासून आखलेली आहे. 1965 मध्ये भारतीय अन्न महामंडळ उभं राहिलं. हरितक्रांतीनंतर पंजाब-हरियाणाच्या गव्हाला आणि तांदळाला हमीभावाने उचल मिळाली, गोदामं भरली, ती रिकामी करायला रेशन हवं झालं. त्या काळात ते बरोबरच होतं. भुकेला आधी पोटभर हवं असतं. पण पन्नास वर्षांनी प्रश्न बदलला आणि पिशवी तीच राहिली. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं खुजी निघाली. 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय होता. आधीच्या पाहणीत हा आकडा 48 होता. मुलांतला रक्तक्षय 53.8 वरून 68.9 टक्क्यांवर गेला. धान्य मिळत असताना रक्त कमी होत गेलं.

बारामती-इंदापूरला मदतीच्या अन्नाची ओळख नवी नाही. 1960 च्या दशकाच्या शेवटी ‘कासा’ या चर्चच्या मदतसंस्थेकडून धान्य आलं, मजुरी म्हणून ते वाटलं गेलं आणि जिरायत भागात पाझर तलाव झाले. पुढे उभ्या राहिलेल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची मुळं त्या कामात आहेत. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो आली, खडी फोडायच्या कामावर सुकडी आली. त्या पिढीतली माणसं मिलोच्या भाकरीचं नाव काढलं तरी अजून तोंड वाकडं करतात. पण त्या अन्नाच्या बदल्यात गावात काय उभं राहिलं, हे तेव्हा निदान मोजलं जात होतं: इतके तलाव, इतकं भिजलेलं क्षेत्र. आज वाटप किती क्विंटल झालं ते मोजतात. खाणाऱ्याच्या अंगी काय लागलं ते रेशनच्या कुठल्याही रजिस्टरात नाही.

मग पाणी आलं. नीरेचा डावा कालवा तर इंग्रजांच्या काळापासून होताच, 1980 च्या सुमारास उजनी धरण भरलं, आणि पाण्यामागून ऊस आला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, शेटफळगढ्याचा बारामती ॲग्रो. दोन तालुक्यांत हाताची बोटं पुरत नाहीत. उसाने पक्की घरं दिली, कॉलेजं दिली, हे नाकारणं कृतघ्नपणा होईल. मात्र ती समृद्धी ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याची. भूमिहीनाच्या ताटातून तिने काही उचलूनही नेलं, आणि त्याची नोंद कुठे झाली नाही. बाजरीत हुलगा, मटकी, तूर पेरलेली असायची. खुरपायला, काढणीला गेलेली बाई ओट्यात शेंगा घेऊन यायची, मजुरीत पायलीभर मटकी मिळायची. बांधावर तांदुळजा, घोळ, पाथरी फुकट. उसाच्या फडात तणनाशक मारतात. तिथे खुरपण राहिलं नाही, मजुरी राहिली नाही, पाथरीही राहिली नाही. हुलग्याचं माडगं, शेंगोळी, मटकीची आमटी हे आता ‘गावरान’ नावाच्या हॉटेलात मिळतं, हायवेला, पुण्याच्या गिऱ्हाईकासाठी.

शिवाय उसाला कायद्याचं संरक्षण आहे. 2025-26 चा किमान दर क्विंटलला 355 रुपये, आणि तो चुकवला तर कारखान्यावर जप्तीची कारवाई होऊ शकते. साखर कारखान्याने किलोला 31 रुपयांच्या खाली विकायची नाही, हेही 2019 पासून ठरलेलं. तुरीचा हमीभाव त्याच हंगामाला 8,000 रुपये जाहीर झाला. पण खरेदी केंद्र कधी उघडेल, किती घेईल, पैसे कधी येतील, याची शाश्वती नाही. ज्या पिकाला राजकारण आहे ते पिकतं. डाळ रेशनवर नाही म्हणून तिची पक्की सरकारी उचल नाही. उचल नाही म्हणून शेतकरी ती लावत नाही. लावत नाही म्हणून ती महाग, आणि महाग आहे म्हणून अर्थखातं म्हणतं, रेशनवर द्यायला परवडत नाही. हा फेरा तोडायची ताकद कोणात असेल तर ती याच दोन तालुक्यांत होती. केंद्रात शेतीखातं दहा वर्षं बारामतीकडे होतं, त्यातली जवळपास सात वर्षं अन्नखात्यासह. राज्याचा अर्थसंकल्प बारामतीच्या आमदाराने अनेकदा मांडला. 2025 मध्ये राज्याचं कृषिमंत्रिपद इंदापूरकडे आलं.

आणि अन्न इथे कमी आहे का? भिगवणच्या बाजारात उजनीची चिलापी, रोहू, कटला पहाटे ढिगाने पडते आणि बरीचशी बाहेर जाते. इंदापूर-करमाळ्याची केळी आखातात जातात. डाळिंब, पेरू, द्राक्षं यांचं तर बोलायलाच नको. दुधाचे मोठे प्रकल्प दोन्ही तालुक्यांत आहेत. संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ किटल्यांची रांग लागते. ज्या घराची एकच गाय आहे, तिथलं दूध डेअरीला जातं आणि पोराला मिळतो तो चहा. त्यात आईची चूक काय? गाईच्या कर्जाचा हप्ता डेअरीच्या पगारातून कापला जातो, पोराच्या हाडांतून नाही.

पोराच्या हातात काय असतं, तेही बघू. पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा. या पुड्यावर शहरातल्या लोकांचा फार राग. मलाही तो आवडत नाही. पण अंडं सात रुपयांच्या आसपास, ते उकडायला गॅस लागतो, आणि घरात चार तोंडं असताना एकच आणता येत नाही. पुडा पाच रुपयांना, दारातल्या टपरीवर, उधारीवरसुद्धा. तो नासत नाही, वाटून खाता येतो, आणि पोर रडायचं थांबतं. कामावरून सहाला परतलेल्या बाईने केलेला हा हिशोब आहे आणि तो चुकलेला नाही. कंपन्यांनी पाच रुपयांना परवडेल एवढा पुडा बेतला, माळेवर लटकवून तो शेवटच्या वस्तीपर्यंत पोचवला. सरकारला अंडं तेवढ्यात पोचवता आलं नाही, आणि हे त्या पुणे जिल्ह्यात, जिथे अंड्यांच्या व्यापाराची समन्वय समिती 1982 पासून देशाला अंडी खायला सांगते.

कोणी म्हणेल, डाळ-तेल द्यायला यंत्रणा कुठे आहे? यंत्रणा आहे, हे सरकारने स्वतःच दाखवलं. 2020 च्या टाळेबंदीत एप्रिल ते नोव्हेंबर कुटुंबामागे महिन्याला किलोभर डाळ किंवा हरभरा याच दुकानांतून गेला. 2022 च्या दिवाळीला ‘आनंदाचा शिधा’ आला: शंभर रुपयांत रवा, हरभराडाळ, साखर किलो-किलो आणि लिटरभर पामतेल. पुढे गुढीपाडवा, गणपती, राममंदिर अशा निमित्ताने तो येत राहिला. निवडणुका झाल्या, आणि 2025 च्या गणपती-दिवाळीला आला नाही. करंज्या-लाडवांचा हा संच पोषणाच्या दृष्टीने यथातथाच. पिशवीवर फोटो मात्र ठसठशीत. सणाची डाळ ही मेहरबानी, दर महिन्याची डाळ हा हक्क. मेहरबानीला फोटो लागतो, हक्काला लागत नाही, म्हणून पुढारी कोणती निवडतात ते उघड आहे. तमिळनाडूने तूरडाळ आणि पामतेल 2007 पासून रेशनवर ठेवलं आहे, डाळ 30 रुपयांनी आणि तेल 25 रुपयांनी. सरकारं बदलली, करुणानिधी गेले, जयललिता गेल्या, डाळ राहिली. शाळेत तिथे आठवड्याला पाच अंडी देतात. त्या राज्याची तिजोरी आपल्यापेक्षा मोठी नाही.

दुसरा आक्षेप जरा जड आहे: वस्तू कशाला, पैसेच द्या. जुलै 2024 पासून लाडक्या बहिणीच्या खात्यात 1,500 रुपये जातात. त्यातून घरात डाळ-दूध येत नसेल असं मी म्हणत नाही. बाईच्या हातातला पैसा चुलीकडे वळतो. पण हाच पैसा दवाखान्याला, गटाच्या हप्त्याला, पोराच्या फीलाही पुरवायचा असतो. आणि तुरीचा भाव दीडशे-दोनशेवर गेला की त्या पंधराशेंचं काय होतं ते 2015 च्या डाळटंचाईत पाहिलेल्याला सांगायला नको. खात्यातली रक्कम भावाबरोबर वाढत नाही. किलोभर डाळ किलोभरच राहते.

अमेरिकेत वाद उलट बाजूने चालू आहे. तिथे गरिबाला अन्नासाठी कार्डावर रक्कम मिळते, आणि त्या रकमेतून शीतपेयं घेऊ द्यायची नाहीत असं नेब्रास्कासारख्या राज्यांनी 2025 मध्ये ठरवलं. ताटात चांगलं वाढण्याऐवजी ताटातलं वाईट काढून घेण्यात सरकारांना जास्त रस असतो, कारण त्याला पैसे पडत नाहीत. आपल्याकडे रेशनचा तांदूळ विकणाऱ्या बायकांवर असाच राग निघतो. गल्लीत टेम्पो येतो, किलोला दहा-पंधरा रुपये देतो. भाकरी खाणाऱ्या घरात तांदूळ उरणारच. तो विकून बाई तेलाची पिशवी आणते. कायद्याने हा गुन्हा असेल, पण तिने केलं ते इतकंच, की सरकारने न दिलेली वस्तू सरकारने दिलेल्या वस्तूच्या बदल्यात मिळवली.

त्या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 घातलेले दाणे मिसळायला लागले, शंभरात एक. मार्च 2024 पर्यंत रेशनचा सगळा तांदूळ असा झाला. हे दाणे धुताना तरंगतात, रंगाला वेगळे दिसतात, आणि बायका ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून ते सुपात वेचून कोंबड्यांना टाकतात. कोणीतरी नीट सांगायला हवं होतं, हे खरं. पण रक्तक्षयाला उत्तर म्हणून डाळ, अंडं, पालेभाजी हे सगळं सोडून थेट कारखान्यातला दाणा निवडणं यात एक कबुलीही आहे: जेवण बदलायचं नाही हे आधीच ठरलं होतं.

बदल कुठून सुरू होईल? मला वाटतं दोनच गोष्टींपासून, ज्वारी आणि डाळ. दुकानदाराचं कमिशन क्विंटलवर मिळतं. 2025 मध्ये ते 150 वरून 170 रुपये झालं. वजनावर पैसे असतील तर त्याला चार किलो डाळीपेक्षा पंचवीस किलो तांदळातच रस असणार, तेव्हा डाळीचं कमिशन वेगळं आणि जास्त ठेवावं लागेल. उन्हाळ्याच्या तोंडावर शाळूची काढणी होते, तेव्हाच बारामतीच्या आणि इंदापूरच्या बाजार समितीत सरकारी काटा लागला, तर सुप्याचा शाळू सुप्याच्याच दुकानात जाईल. पंजाबहून गहू वाहून आणायचं भाडं वाचेल, ते डाळीकडे वळवता येईल. उत्पन्नाची मर्यादा निदान दुप्पट करावी लागेल. यातल्या बऱ्याच गोष्टींना नवा कायदा लागत नाही. रुपया किलोने भरडधान्य द्यायचं 2013 च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतच लिहिलंय. रेशनवरच्या वस्तू हळूहळू वाढवाव्यात, हे त्याच कायद्याच्या बाराव्या कलमात आहे.